भेटकार्डासाठी इंक ब्लेंडिंग: कागद निवडण्यापासून पाकीट बंद करेपर्यंत

पहिल्या कार्डावर जे गोल गोल चट्टे उठतात, त्यांचं खापर बहुतेक जण स्वतःच्या हातावर फोडतात. हात पाच-सहा कार्डांत बसतो. कागद चुकीचा असेल तर मात्र पन्नासाव्या कार्डावरही तेच चट्टे उठतात, आणि मग माणूस आणखी महागडे ब्रश घेत सुटतो. म्हणून या लेखात कागदाला जरा जास्तच जागा दिली आहे.

इंक ब्लेंडिंग म्हणजे इंक पॅडवरची शाई ब्रशने किंवा फोमने उचलायची आणि कागदावर कोरडीच फिरवत न्यायची, एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे कळू नये अशा बेताने. पाणी नाही, पॅलेट नाही. जलरंग ओले असताना एकमेकांत उतरतात. इथे पातळ थरावर पातळ थर चढवून मिसळल्याचा भास उभा करायचा असतो. एवढं ध्यानात ठेवलं की पुढच्या बऱ्याच सूचना का दिल्या आहेत ते आपोआप कळेल.

नमुन्याला दिवाळीचं कार्ड घेऊ. खाली पिवळा उजेड, वर जांभळं आणि मग निळं होत गेलेलं तिन्हीसांजेचं आकाश, आणि त्यात पांढरा आकाशकंदील. पाच रंग एकाखाली एक असल्यामुळे शिकण्यासारख्या जवळजवळ सगळ्या गोष्टी या एकाच कार्डात येऊन जातात.

काय काय लागेल

- ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत पांढरा कार्डस्टॉक, ए४ मापाचा. दोन कार्डांना दोन पानं पुरतात.
- पाच इंक पॅड: पिवळा, नारिंगी, राणी, जांभळा, गर्द निळा. छोटे चौकोनी पॅड मिळाले तर तेच घ्या, सुरुवातीला मोठ्यांची गरज नाही.
- पाच ब्लेंडिंग ब्रश. प्रत्येक रंगाला एक.
- एम्बॉसिंगसाठी, म्हणजे स्टॅम्प मारलेल्या जागी पावडर वितळवून उठाव आणण्यासाठी: पारदर्शक चिकट एम्बॉसिंग शाईचा पॅड, पांढरी एम्बॉसिंग पावडर, हीट गन.
- आकाशकंदिलाचा आणि शुभेच्छांचा स्टॅम्प, तो चिकटवून धरायला ॲक्रिलिक ब्लॉक.
- काळी पिगमेंट शाई.
- मास्किंग टेप, स्टिकी नोट्स, टिश्यू, सुती फडकं, टाल्कम पावडर.
- स्टीलची पट्टी, कटर, कटिंग मॅट, संपलेलं बॉलपेन.
- दुहेरी टेप किंवा घट्ट पांढरा गोंद.

हीट गनऐवजी हेअर ड्रायर चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. चालत नाही. ड्रायरचा वारा जास्त आणि उष्णता कमी, त्यामुळे पावडर वितळायच्या आधी टेबलभर उडते. हीट गन नसेल तर एम्बॉसिंगची पायरी गाळा, पाचव्या पायरीत दुसरा मार्ग दिला आहे.

१. कागद आधी तपासा

स्टेशनरीच्या दुकानात ‘जाड पांढरा कार्डपेपर’ मागितला तर समोर तीन-चार वेगळ्याच गोष्टी येतात.

आर्ट कार्ड चमकदार असतं, कारण त्यावर लेप असतो. छपाईला ते उत्तम. ब्लेंडिंगला नाही: शाई आत शिरत नाही, वर तरंगते आणि बोट लागलं की निघते. आयव्हरी कार्ड गुळगुळीत असतं आणि त्यातलं काही ब्लेंडिंगला चांगलं चालतं, पण लेप असलेलं आणि नसलेलं दोन्ही त्याच नावाने विकलं जातं. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा कागद खरखरीत आणि मऊ असतो. ब्रश चार वेळा फिरला की त्याचे तंतू सुटतात, वर बारीक गोळ्या होतात आणि त्या गोळ्या शाई पिऊन काळपट दिसतात. जलरंगाच्या कागदात ‘कोल्ड प्रेस्ड’ आणि ‘हॉट प्रेस्ड’ असे दोन प्रकार मिळतात. कोल्ड प्रेस्डच्या खळग्यांत शाई पोचत नाही आणि पांढरे ठिपके राहतात. हॉट प्रेस्ड सपाट असतो, ब्लेंडिंगलाही चालतो आणि पाणी शिंपडायचं असेल तर सगळ्यांत भरवशाचा. पुण्याला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत मिळतो तसा हातकागद दिसायला देखणा असतो, पण त्याच्या रेषारेषांत ब्रश अडखळतो. तो कार्डाच्या तळाला वापरा, रंगवायच्या तुकड्याला नको.

दुकानात ब्रश घेऊन बसता येत नाही, म्हणून एकच पान विकत घ्या आणि घरी ही चाचणी करा. कागदावर पाण्याचा एक थेंब टाका आणि ३० सेकंद थांबा. थेंब मोत्यासारखा तसाच उभा राहिला तर कागदावर लेप आहे. टाकल्या टाकल्या आत शिरून मागे डाग उमटला तर कागद फारच पितो. शाई जिथे टेकली तिथेच मुरेल, पुढे सरकणार नाही, आणि हेच ते गोल चट्टे. थेंब सावकाश पसरत, कडेने हळू मुरत गेला तर तो कागद तुमचा. मग त्याच दुकानातून, त्याच गठ्ठ्यातला घ्या. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट इथे सुटी पानं मिळतात, पण पुढच्या खेपेला तेच नाव सांगून वेगळाच कागद हातात पडू शकतो. जुन्या पानाचा तुकडा खिशात न्या.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात कागद हवेतली ओल धरतो. अशा कागदावर ब्रश ओढल्यासारखा चालतो आणि पहिल्या टेकण्यालाच गडद डाग बसतो. कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि काम सुरू करण्याआधी अर्धा मिनिट कोमट वारा द्या. हेअर ड्रायरचा उपयोग इथे आहे.

२. शाईचे प्रकार

डाय शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो. तो कागदाच्या तंतूंत उतरतो, म्हणून रंग पारदर्शक आणि चमकदार दिसतो. एकावर एक दोन रंग दिले की तिसरा दिसतो. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते कागदावर बसतात. रंग झाकणारा आणि वाळायला सावकाश.

कार्ड करणाऱ्यांमध्ये खूप चालणारी नावं अमेरिकेतल्या रेंजर कंपनीची: टिम होल्ट्झ यांच्या नावाने येणारी ‘डिस्ट्रेस’ शाई, आणि २०१७ मध्ये आलेली ‘डिस्ट्रेस ऑक्साइड’. पहिली डाय आहे. दुसरीत डाय आणि पिगमेंट दोन्ही आहेत, त्यामुळे ती कागदावर जरा जास्त वेळ सरकत राहते, चुका पोटात घालते आणि वाळल्यावर खडूसारखी मऊ, किंचित फिकी दिसते. नवख्याने ऑक्साइडने सुरुवात करावी. आपल्या कार्डासाठी त्यातल्या छटा: फॉसिलाइज्ड अँबर, स्पाइस्ड मार्मलेड, पिक्ड रास्पबेरी, विल्टेड व्हायोलेट आणि चिप्ड सफायर. दुसऱ्या कोणत्या कंपनीचे पॅड असतील तर नावापेक्षा छटा जुळवा.

ऑफिसात शिक्के मारायचा जांभळा पॅड यासाठी वापरू नका. ती शाई पॅडवर लवकर सुकू नये म्हणून बनवलेली असते, ती कार्डावरही लवकर सुकत नाही.

हातात पॅड आले की आधी प्रत्येक रंगाची ३ × ५ सेंटिमीटरची पट्टी त्याच कागदावर रंगवून, वाळवून, मागे नाव लिहून ठेवा. पॅडच्या झाकणावरचा रंग आणि कागदावरचा रंग यांची क्वचितच गाठ पडते.

३. रंगांचा क्रम

चिखल कसा होतो ते आधी समजून घ्या. रंगचक्रात समोरासमोर बसणारे दोन रंग मिसळले की तपकिरी-करडा होतो: पिवळा आणि जांभळा, नारिंगी आणि निळा, लाल आणि हिरवा. आपल्या आकाशात पिवळाही आहे आणि जांभळाही. ते एकमेकांना भिडले तर दिवाळीच्या आकाशात धूळ उडाल्यासारखी दिसेल. म्हणून मधे नारिंगी आणि राणी घातले आहेत. पिवळा नारिंगीला भेटतो, नारिंगी राणीला, राणी जांभळ्याला. प्रत्येक शेजाऱ्याचं पुढच्याशी जमतं, दोन टोकांची गाठच पडू द्यायची नाही.

स्वतःचे रंग निवडताना हाच हिशेब. मोरपिशी, निळा, जांभळा घ्या, काही बिघडत नाही. झेंडूचा नारिंगी आणि आकाशी हवेच असतील तर दोघांमध्ये बोटभर पांढरी जागा सोडा किंवा मधे फिकट पिवळा-गुलाबी घाला. आणि पाचच्या वर रंग नकोत. पट्टे अरुंद होतात, मिसळायला जागा उरत नाही.

४. कापणी आणि घडी

ए४ पान २१ × २९.७ सेंटिमीटर. लांबी मधोमध कापली की २१ × १४.८५ चे दोन तुकडे. प्रत्येकाला मधोमध घडी घातली की १०.५ × १४.८५ चं कार्ड. म्हणजे एका पानात दोन कार्डांचे तळ.

रंगकाम थेट कार्डावर करू नका. वेगळा तुकडा, ज्याला कार्डवाले पॅनेल म्हणतात, रंगवून वर चिकटवा. पॅनेल १० × १४.३ सेंटिमीटर, चारही बाजूंना सुमारे पाव सेंटिमीटरची पांढरी कड राहते. एका ए४ पानात अशी चार पॅनेल निघतात. दोन वापरायची, दोन बिघडवायची.

घडी घालण्याआधी कागदाचे तंतू कोणत्या दिशेने आहेत ते पाहा. पान आडवं आणि मग उभं हलकेच वाकवा. ज्या दिशेने सहज वाकतं, घडी त्या दिशेने घातली तर स्वच्छ येते. आडव्या घडीवर कागद फुटतो आणि पांढऱ्या कपच्या दिसतात. बहुतेक ए४ पानांत तंतू लांब बाजूने असतात, आणि वरच्या मापात घडी त्यांना समांतर पडते. तरी जाड कागदाला नुसती बोटाने घडी घालू नका: पट्टी लावून संपलेल्या बॉलपेनने दोनदा खाच ओढा, मग खाचेची खोलगट बाजू बाहेर ठेवून घडी घाला.

५. आधी कंदील, मग आकाश

पांढरा कंदील आकाश रंगवल्यावर काढता येत नाही, कारण पांढरी शाई या रंगांवर फिकी गुलाबी दिसते. म्हणून तो आधी उठवायचा आणि रंग वरून फिरवायचा. एम्बॉसिंग झालेल्या भागात शाई शिरत नाही.

टाल्कम पावडर दोन चमचे, सुती रुमालाच्या तुकड्यात पुरचुंडी बांधून. ती पॅनेलवर सगळीकडे हलकी आपटा. हातांचा तेलकटपणा आणि कागदावरची स्थिर वीज दोन्ही जातात, नाहीतर एम्बॉसिंग पावडरचे कण नको तिथे चिकटतात आणि आकाशात पुरळ उठल्यासारखं दिसतं.

कंदिलाचा स्टॅम्प चिकट शाईत बुडवल्यासारखा नाही, टिपल्यासारखा लावा. पॅनेलवर सरळ दाबा, सरळ उचला, हलवू नका. लगेच पांढरी पावडर भरपूर ओता, झटका, आणि खाली धरलेल्या घडीच्या कागदावरून उरलेली परत डबीत घाला. नको तिथे चिकटलेले कण कोरड्या बारीक कुंचल्याने काढा. हे आत्ताच. वितळल्यावर फार उशीर झालेला असतो.

हीट गन पॅनेलवर आणण्याआधी ८-१० सेकंद हवेत तापू द्या. मग कागदाखालून धरा, वरून नाही. खालून दिलेल्या उष्णतेत पावडर उडत नाही. दाणेदार पांढरट दिसणारा भाग चमकदार आणि उठावदार झाला की तिथून पुढे सरका. एकाच जागी धरून ठेवलं तर दोन गोष्टी होतात: पावडर कागदात मुरून सपाट होते आणि कागद पिवळा पडतो. कागद बोटांनी नाही, चिमट्याने धरा.

हीट गन नसेल तर स्टिकी नोटमधून कंदिलाचा आकार कापा आणि पॅनेलवर लावून आकाश रंगवा. स्टिकी नोटला वरच्याच कडेला गोंद असतो, म्हणून दोन नोटा उलटसुलट चिकटवून मग आकार कापा, म्हणजे वरची आणि खालची दोन्ही टोकं बसतात. शेवटी नोट काढली की खाली पांढरा कंदील. कड एम्बॉसिंगइतकी धारदार येत नाही, पण उजेड पसरल्यासारखी मऊ दिसते, आणि खरं सांगायचं तर कंदिलाला ती जास्त शोभते.

६. ब्लेंडिंग

पॅनेल मॅटवर चारही कोपऱ्यांत मागून मास्किंग टेपच्या वळीने अडकवा. टेप आधी कपड्याला एकदा लावून काढा, चिकटपणा कमी होतो आणि काढताना कागदाचा पापुद्रा निघत नाही. खाली रद्दी कागद हवाच, कारण निम्मा ब्रश पॅनेलच्या बाहेर फिरणार आहे.

पॅनेलच्या खालच्या कडेपासून मोजून रंगांच्या हद्दी अशा ठेवा:

- पिवळा: ० ते ५ सेंटिमीटर
- नारिंगी: ३.५ ते ७
- राणी: ५.५ ते ९.५
- जांभळा: ८ ते १२
- निळा: १०.५ ते १४.३

प्रत्येक जोडावर दीड सेंटिमीटर जागा दोन्ही रंगांची आहे. पेन्सिलीने पॅनेलवर खुणा करू नका, शेजारच्या रद्दी कागदावर करा.

पिवळ्यापासून सुरुवात. नेहमी फिक्याकडून गडदाकडे जायचं, कारण पिवळा निळ्यावर दिसत नाही, निळा मात्र पिवळ्यावर लगेच दिसतो.

ब्रश पॅडवर दोन-तीनदा टेकवा, रगडू नका. पहिली दोन वर्तुळं रद्दी कागदावर. सगळ्यांत गडद शाई तिथे उतरते. ही दोन वर्तुळं गाळली की पॅनेलवर पहिला डाग बसलाच म्हणून समजा, आणि तो नंतर कितीही घासला तरी जात नाही. मग ब्रश रद्दीवरून फिरवत फिरवतच पॅनेलच्या कडेवरून आत आणा. सहाणेवर चंदन उगाळताना हात जसा फिरतो तसा: गोल, एका लयीत, आणि दाब जवळजवळ नाहीच. ब्रशचे केस बाहेर फाकताना दिसले तर दाब जास्त आहे.

पहिला थर एवढा फिका येतो की काही झालंय असं वाटतच नाही. तसाच यायला हवा. चार-पाच थर लागतात. प्रत्येक वेळी थोडी शाई, रद्दीवर दोन वर्तुळं, मग आत. नवखा माणूस इथेच कंटाळतो आणि ब्रश पॅडमध्ये चांगला रगडून घेतो. मग चट्टे.

पिवळा झाला की नारिंगी. हा ३.५ ते ७ मध्ये, वरून खाली येताना दाब कमी कमी करत, ३.५ च्या रेषेवर ब्रश जेमतेम टेकला पाहिजे. आता पुन्हा पिवळ्या ब्रशने त्या जोडावर चार वर्तुळं. रेषा दिसत असेल तर इथेच विरते. मग राणी, आणि पुन्हा नारिंगीने जोड. असंच पुढे.

इथे एक धोका आहे. जोडावरून परत फिरलेल्या पिवळ्या ब्रशला नारिंगी लागलेला असतो. तोच ब्रश सरळ पिवळ्या पॅडवर टेकवला की पॅड घाण होतो आणि पुढची पाच कार्डं नकळत मळकी येतात. परत फिरलेला ब्रश आधी फडक्यावर पूर्ण पुसा. पॅडला लागलाच असेल तर रद्दी कागद त्यावर दाबून स्वच्छ पिवळा उमटेपर्यंत टिपत राहा.

निळा सर्वांत शेवटी, आणि दोन्ही वरच्या कोपऱ्यांत एकेक थर जास्त. कोपरे गडद झाले की मधला कंदील उजळ दिसतो.

आता कंदिलावरची शाई कोरड्या सुती फडक्याने पुसा. हे वाळवण्याआधी. ऑक्साइड एम्बॉसिंगवर धुक्यासारखी बसते आणि गरम करून वाळवली की तिथेच चिकटून राहते.

पहिल्या पॅनेलला अर्धा तास जाईल. जाऊ द्या.

बिघडलं तर काय झालं असेल

गोल गडद चट्टा: जास्त शाई, किंवा कागद पिणारा. जवळच्या गडद रंगाने आजूबाजूचा भाग त्या चट्ट्याच्या बरोबरीला आणा. चट्टा पुसायला जाऊ नका. फारच ठळक असेल तर शुभेच्छांची पट्टी नेमकी तिथे चिकटवा. कार्डवाले हे सगळेच करतात, फक्त सांगत नाहीत.

दोन रंगांमध्ये पांढरी फट: दोन्ही हद्दी एकमेकांवर आल्या नाहीत. फिक्या रंगाने भरा, गडदाने नको.

सगळीकडे मातकट: एकच ब्रश सगळ्या रंगांना, किंवा समोरासमोरचे रंग भिडले. हे दुरुस्त होत नाही. पॅनेल उलटं करून मागच्या बाजूने नव्याने सुरू करा किंवा नवं घ्या, म्हणून तर चार पॅनेल कापली.

कागदावर गोळ्या: एकाच जागी फार वेळ घासलं, किंवा मधे पाणी लागलं. पूर्ण वाळू द्या, नख लावू नका.

पॅनेल वाकलं: हीट गनने एकाच बाजूने तापवलं. रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा, वर-खाली कोरा कागद घालून.

७. पाणी आणि स्टेन्सिल, हवं तर

डिस्ट्रेससारखी पाण्याने हलणारी शाई वापरली असेल तर चांदण्या फुकट मिळतात. ओल्या कुंचल्याला बोटाने टिचकी मारून बारीक थेंब निळ्या-जांभळ्या भागावर उडवा. १०-१५ सेकंद थांबा, टिश्यू वरून टेकवून उचला, चोळू नका. थेंब पडलेल्या जागी रंग उडून फिके ठिपके राहतात. ऑक्साइडमध्ये ते खडूसारखे पांढरट दिसतात. जास्त वेळ थांबलात तर ठिपक्याला गडद कड येते. पिगमेंट किंवा पक्क्या शाईवर यातलं काहीच होत नाही.

स्टेन्सिलने रांगोळीचे ठिपके किंवा जाळीची नक्षी द्यायची असेल तर रंगवलेलं आकाश आधी पूर्ण वाळवा. स्टेन्सिल टेपने चारही बाजूंनी घट्ट बसवा आणि नक्षीसाठी त्याच भागाचा एक छटा गडद रंग घ्या: राणीवर जांभळा, जांभळ्यावर निळा. ब्रश इथे गोल फिरवताना नक्षीच्या कडेकडून आत न्या. आतून बाहेर नेला तर केस स्टेन्सिलच्या खाली घुसतात आणि नक्षी फुटते. उचलताना एका बाजूने दार उघडल्यासारखी उचला. स्टेन्सिल लगेच पुसा. मागे शाई राहिली तर पुढच्या वेळी तीच कागदावर उमटते.

८. शुभेच्छा

पॅनेल १०-१५ मिनिटं वाळू द्या, पावसाळ्यात तासभर. ‘शुभ दीपावली’ काळ्या पिगमेंट शाईने, पिवळ्या भागावर. गडद भागावर काळं वाचता येत नाही. काळी डाय शाई वापरली आणि खालचा रंग अजून ओलसर असला तर अक्षरांना पिसं फुटतात.

नवा पारदर्शक स्टॅम्प शाई धरत नाही, तिचे थेंब होतात. त्याला खोडरबराने हलकंसं घासा, चकाकी गेली की शाई बसते. देवनागरी स्टॅम्पमध्ये वेलांट्या आणि मात्रा बारीक असतात. ब्लॉक दाबताना वरच्या बाजूलाही बोट ठेवा, नाहीतर ‘दीपावली’च्या दोन्ही वेलांट्या गायब होऊन ‘दापावला’ छापला जातो. पॅनेलवर मारण्याआधी रद्दीवर दोनदा मारून पाहा. स्टॅम्पच नसेल तर काळ्या पिगमेंट पेनने हाताने लिहा, काही बिघडत नाही.

९. साफसफाई, थोडक्यात

ब्रश रोज फक्त कोरड्या फडक्यावर पुसायचे. महिन्यातून एकदा कोमट पाणी आणि साबण, मग आडवे ठेवून वाळवायचे. उभे केले तर पाणी दांड्यात उतरतं आणि केसांचा गोंद सुटतो. डाग राहिला म्हणून ब्रश खराब झाला असं नाही. पांढऱ्या फडक्यावर फिरवून रंग उतरत नसेल तर तो स्वच्छ आहे. डाय शाईचे फेल्टचे पॅड उलटे ठेवा, शाई वरच्या थरात राहते. नागपूर-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात पॅड झिपच्या डब्यात आणि खिडकीपासून लांब. सुकलाच तर त्याच रंगाच्या शाईची बाटली मिळते, पाणी घालू नका.

१०. चिकटवणं आणि पाठवणं

पॅनेल तळावर लावताना दुहेरी टेप कडांपासून अर्धा सेंटिमीटर आत. ओला गोंद पातळ लावा, जास्त झाला तर पुढून डाग दिसतो. आत लिहायला वेगळा पांढरा कागद चिकटवा, कारण रंगकामाच्या वेळी हाताला लागलेली शाई तळावर कुठे ना कुठे लागलेलीच असते.

पाकीट ११.४ × १६.२ सेंटिमीटरचं, म्हणजे सी६. वजनाचा हिशेब आधीच करा. ३०० जीएसएमच्या २१ × १४.८५ तळाचं वजन सुमारे ९.४ ग्रॅम, पॅनेलचं ४.३, पाकीट चार-पाच. बेरीज १८-१९ ग्रॅम. साध्या टपालाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे. आत लिहायचा कागद, फोमची टेप किंवा एखादा खडा लावलात की पुढच्या टप्प्यात गेलात. तिकीट कमी पडलं तर भुर्दंड घेणाऱ्याच्या माथी बसतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून मगच तिकीट लावा.

रंगवलेल्या बाजूवर बटर पेपर ठेवा. ऑक्साइडचा खडूसारखा थर पाकिटाच्या आतल्या बाजूवर घासून उतरतो.

हेच तंत्र राखीच्या कार्डाला वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट. राखी पौर्णिमा ऐन पावसात येते, आणि पाण्याने हलणारी शाई पाकीट भिजलं की पसरते. कार्ड आधी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि तोंड टेपने बंद करा. टपाल खातं त्या दिवसांत राखीसाठी न भिजणारी पाकिटं विकतं. आपलं कार्ड त्यात बसतं का, हे तळ कापण्याआधी मापून घ्या.